कुठल्या रानातली?



आज मला तुमच्याशी औषधी वनस्पतींबद्दल बोलायचं आहे. मी वैद्य नाही, हकीम नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. पण या विषयानं काही वर्षांपासून माझा पिच्छा पुरवला आहे. त्याचं कारण घरातलं आहे, ते ओघात येईलच.

माझ्या आजोबांचं कोल्हापुरात काष्ठौषधींचं दुकान होतं. घरात आम्ही त्यांना दादा म्हणायचो, बाजारात ते अत्तारकाका. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. लाकडी खण, तागाची पोती, एक तराजू, एक लोखंडी खल आणि मागच्या फळीवर अत्तराच्या कुप्या. आठवडी बाजाराला घाटाकडची माणसं हिरडा, बेहडा, वावडिंग, गुळवेल घेऊन यायची. दादा भावाचं नंतर बोलायचे. आधी एकच प्रश्न : 'कुठल्या रानातली?'

समोरचा सांगायचा, अमुक डोंगराच्या कडेची, तमुक ओढ्याकाठची. मग दादा काडी मोडून बघायचे, वास घ्यायचे. कडुलिंबावर चढलेली गुळवेल असेल तर चार आणे जास्त द्यायचे. आणि रान मनाला आलं नाही, तर चांगली दिसणारी मोळीही परत पाठवायचे. लहानपणी आम्हाला वाटायचं, भाव पाडायची ही एक युक्ती. पुढं कळलं, की हा प्रश्न दादांचा एकट्याचा नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधी कुठल्या भूमीतून घ्यावी, कुठल्या ऋतूत घ्यावी, हे सांगितलेलं आहे. युनानी हकीमही औषधाचा मुलूख विचारतात.

पण वनस्पती तीच, पान तेच, फूल तेच. मग रान बदललं की गुण का बदलावा? माती, पाणी, ऊन ही उत्तरं आहेतच. आणखी एक उत्तर गेल्या काही दशकांत पुढं आलं आहे. ते झाडाच्या बाहेर नाही, आत आहे.

आपण झाडाकडे बघतो तेव्हा आपल्याला एक जीव दिसतो. तुळस म्हणजे तुळस, कोरफड म्हणजे कोरफड. पण या प्रत्येकीच्या मुळांत, खोडात, पानांत, पेशींच्या मधल्या फटींत जिवाणू राहत असतात. रोग करणारे नव्हेत, सुखानं नांदणारे. काही बुरशीही असतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी 1866 साली अशा आत राहणाऱ्या जीवांसाठी 'एंडोफाइट' हा शब्द वापरला. ग्रीक भाषेत 'एंडो' म्हणजे आत आणि 'फाइट' म्हणजे वनस्पती. मी आपला त्यांना अंतर्वासी म्हणतो. आजवर तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक जातीच्या झाडात हे अंतर्वासी सापडले आहेत. एक ग्रॅम मुळात त्यांची संख्या सहज लाखांच्या घरात जाते. पानांत ती कमी असते.

ते खरंच आत आहेत, बाहेरची धूळ नव्हे, हे कसं ओळखायचं? त्याची पद्धत मला फार आवडते. मूळ किंवा पान आधी वाहत्या पाण्यात धुतात. मग अल्कोहोलमध्ये बुडवतात. मग कपडे पांढरे करायला वापरतात त्या जातीच्या ब्लीचच्या द्रावणात. पृष्ठभागावरचं सगळं जिवंत मरून जातं. मग जंतुरहित पाण्यानं पुन्हा पुन्हा विसळतात. आणि आता गंमत बघा, त्या शेवटच्या विसळलेल्या पाण्याचा थेंबही तपासतात. त्यात काही उगवलं, तर बाहेरची धूळ राहिली होती असं समजून सगळा प्रयोग बाद. काही उगवलं नाही, तरच पुढं जायचं. मग ते पान खलात वाटतात आणि तो रस खळीसारख्या घट्ट थरावर पसरतात. दोन-चार दिवसांत त्यावर ठिपके उमटतात. पांढरे, पिवळे, कधी गुलाबी. प्रत्येक ठिपका म्हणजे एक वसाहत. दादा आयुष्यभर खलात औषधं कुटत राहिले. त्या खलात आपण काय काय कुटतो आहोत, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

आणि हेही सगळे नव्हेत. प्रयोगशाळेच्या बशीत वाढायला तयार होणारे थोडे असतात. बाकीचे आपलं झाड सोडून कुठं वाढतच नाहीत. त्यांचा पत्ता फक्त त्यांच्या डीएनएवरून लागतो.

ऊस लावणाऱ्या श्रोत्यांना यात फार नवल वाटणार नाही. बेणेप्रक्रियेला आपण अ‍ॅसेटोबॅक्टर वापरतो. हा जिवाणू उसाच्या आत राहतो आणि हवेतला नत्र उसाला देतो. ब्राझीलमध्ये योहाना ड्योबेराइनर या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं 1988 साली त्याचं वर्णन केलं. म्हणजे अंतर्वासी आपल्या शेतात आधीच कामाला लागलेले आहेत, आपण फक्त पाकिटावरचं नाव वाचतो.

हे आत शिरतात कसे? बरेचसे मातीतून येतात. मुळाला फाटा फुटतो तिथं सालीला बारीक भेग पडते, तीच त्यांची वाट. काही पानांच्या रंध्रांतून जातात. आणि काही तर बियांतूनच येतात. आई मुलीला लग्नात विरजणाचं भांडं देते ना, तसं झाड बी सोडताना आपले काही जिवाणू तिच्याबरोबर देतं. सगळेच शिरू शकत नाहीत. झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती असते. ती कुणाला अडवते, कुणाला येऊ देते. आत आलेला फार माजला, तर त्याचाही बंदोबस्त होतो.

आत राहून ते काय करतात? काही नत्र देतात. काही मातीत अडकलेला स्फुरद आणि लोह सोडवून झाडाला मिळेल असं करतात. काही वाढीची संप्रेरकं तयार करतात, त्यामुळं मुळं जास्त फुटतात. पाऊस ओढ देतो तेव्हा झाड घाबरून इथिलीन नावाचा वायू बनवू लागतं. केळी पिकतात तो हाच वायू. तो फार झाला तर झाडाची वाढ खुंटते, पानं गळतात. काही अंतर्वासी हा वायू ज्या द्रव्यापासून बनतो तेच खाऊन टाकतात आणि झाडाला धीर देतात. रोगजंतू आले तर काही त्यांच्याशी लढतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं, निवारा देतं.

बरेच लोक त्यांना 'पाहुणे' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. आमच्या घरात दखनी बोलली जाते, मी लिहितो मराठीत. अजूनही एखाद्या संमेलनात कुणी प्रेमानं विचारतं, 'तुम्ही मराठी कुठं शिकलात हो?' मी म्हणतो, 'इथंच, तुमच्याच शाळेत.' पाहुणा आज ना उद्या जातो. जो बियांतून येतो, मुळाला पाणी देतो आणि दुष्काळात धीर धरायला लावतो, तो पाहुणा कसा?

असो. आपण औषधाकडे येऊ.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात केनेडिया नावाची एक वेल आहे. तिकडे तिला सापवेल म्हणतात. तिथले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या ती जखमांवर वापरत आले. अमेरिकन शास्त्रज्ञ गॅरी स्ट्रोबेल यांनी त्या वेलीचे तुकडे नेले आणि मी मघाशी सांगितलं तसं त्यांच्या आत कोण राहतं ते पाहिलं. आत एक स्ट्रेप्टोमायसिस जातीचा जिवाणू निघाला. तो काही प्रतिजैविकं बनवत होता. त्यांना म्युनुम्बिसिन असं नाव दिलं गेलं आणि 2002 साली त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत ही द्रव्यं अनेक हट्टी रोगजंतूंवर चालली. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या जंतूवरसुद्धा. त्यातून दुकानात मिळणारं औषध झालेलं नाही, हे लगेच सांगतो. पण प्रश्न उभा राहिला : जखम बरी कोण करत होतं? वेल, की वेलीत राहणारा?

स्ट्रेप्टोमायसिस हे नाव अवघड वाटेल, पण त्याची आपली ओळख जुनी आहे. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो, त्यातला मोठा वाटा याच कुळातल्या जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. कनौजला मातीचं अत्तर बनतं. दादांच्या फळीवर त्याची एक कुपी असायची. 1943 साली क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, तेही याच कुळातून. मृगाच्या पावसावर मी आजवर किती कविता लिहिल्या असतील! त्या वासामागे कोण आहे, हे पन्नाशीत कळलं.

आता कुणी विचारील, आपण काढा उकळतो तेव्हा हे जिवाणू मरतच असतील ना? मरतात. पण त्यांनी आधी बनवून ठेवलेली काही द्रव्यं उष्णतेलाही टिकतात. माणूस गेला तरी त्याची विहीर राहते, तसं.

दुसरी हकीकत आफ्रिकेची. इथिओपियातल्या मेटेनस नावाच्या झुडपातून 1972 साली मेटॅन्सीन हे द्रव्य मिळालं. पेशी मारण्यात अतिशय जहाल. त्याच जातीची द्रव्यं 1977 साली जपानमध्ये एका जिवाणूत सापडली. झुडपात आणि जिवाणूत एकच रसायन कसं, याचं कोडं बरीच वर्षं तसंच होतं. मग 2014 साली, त्याच कुळातल्या पुटरलिकिया या झुडपाबाबत दाखवून देण्यात आलं, की मेटॅन्सीन ते झुडूप बनवतच नाही. त्याच्या मुळांत राहणारे जिवाणू बनवतात. नाव झुडपाचं, कसब मुळातल्या बिऱ्हाडकरूंचं. आणि यातून खरोखरच औषध झालं. मेटॅन्सीनचा एक भाऊबंद प्रतिपिंडाला जोडून बनवलेलं औषध 2013 पासून स्तनाच्या कर्करोगावर दिलं जातं. त्यासाठी झुडपं तोडावी लागत नाहीत. मूळ द्रव्य टाक्यांमध्ये जिवाणू वाढवूनच काढतात.

तिसरी गोष्ट आपल्या अंगणातली. सदाफुली. मूळची मादागास्करची, आता आपल्याकडे कुंपणाकुंपणाशी फुलते. तिच्या पानांतून विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधं मिळतात. विनक्रिस्टिननं रक्ताचा कर्करोग झालेल्या किती लेकरांना आयुष्य दिलं आहे. पण ही द्रव्यं पानात इतकी कमी, की एक ग्रॅम विनब्लास्टिनला काही शे किलो वाळलेली पानं लागतात. लखनौला औषधी आणि सुगंधी वनस्पतींची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी सदाफुलीच्या आतलेच जिवाणू वेगळे केले, वाढवले आणि सदाफुलीच्या रोपांना दिले. 2013 साली त्यांनी प्रसिद्ध केलं, की त्यामुळं रोपांची वाढ सुधारली आणि विंडोलीनसारख्या मोलाच्या द्रव्यांचं प्रमाणही वाढलं. विंडोलीन हा विनब्लास्टिनचा अर्धा भाग. इथं जिवाणू औषध स्वतः बनवत नाही. तो झाडाला बनवायला लावतो. मैफलीत तबलजी गात नाही, पण गाणं चढतं ते त्याच्या ठेक्यावर.

म्हणजे कधी आतला जीव स्वतः औषध बनवतो, कधी झाडाकडून जास्त बनवून घेतो. आणि कधी कुणाचं काय, हे वेगळं काढताच येत नाही. हा तिसरा प्रकार मला सांगायचा आहे, कारण तो आमच्या घाटातला आहे.

सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे. राधानगरी, आंबोली, महाबळेश्वर, अशा ओल्या रानांत वाढतं. लहानसंच झाड. फुलांना घाण वास, म्हणून हे नाव. शास्त्रज्ञांनीही त्याच्या जुन्या लॅटिन नावात 'फिटिडा', म्हणजे दुर्गंधी, असाच शब्द घातला होता. आणि याच झाडाला काही ठिकाणी 'अमृता' म्हणतात. एकाच झाडाला एकानं नरकाचं नाव दिलं, दुसऱ्यानं अमृताचं. कवीला यापुढं काय सुचणार!

1966 साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी चीनमधल्या एका झाडातून कॅम्पटोथेसिन नावाचं द्रव्य वेगळं केलं. त्या झाडाला चिनी लोक आनंदाचं झाड म्हणतात. यातले वाणी आपल्या नंदुरबारचे. 1925 चा जन्म, मुंबईत शिकले, अमेरिकेत गेले, 2020 साली वारले. पुढं 1971 मध्ये टॅक्सॉल जगापुढं आणलं तेही याच जोडीनं. तर हे कॅम्पटोथेसिन नरक्यातही आहे आणि चिनी झाडापेक्षा जास्त आहे, हे 1972 साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं. कुठं? मुंबईत, गोरेगावच्या संशोधन केंद्रात.

कॅम्पटोथेसिन काय करतं? पेशीतला डीएनए म्हणजे पिळाचा दोर समजा. पेशीची दुसरी पेशी व्हायची तर पीळ सोडवावा लागतो. एक विकर, म्हणजे एन्झाइम, दोराचा एक पदर कापतं, पीळ सोडतं आणि पदर पुन्हा जोडतं. कॅम्पटोथेसिन नेमकं त्या वेळी मध्ये येऊन बसतं. कापलेला पदर जुळत नाही. भराभर वाढणारी कर्करोगाची पेशी त्यात मरते. मग झाड स्वतः कसं मरत नाही? 2008 साली कळलं, की हे विष बनवणाऱ्या काही झाडांनी आपल्या त्या विकराची घडणच थोडी बदलून घेतली आहे. घरात विष ठेवायचं, तर आधी आपलं कुलूप बदलायचं.

या द्रव्यात फेरफार करून दोन औषधं झाली. टोपोटेकान आणि इरिनोटेकान. इरिनोटेकान मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर देतात. आणि इथं माझ्या घराची गोष्ट येते.

माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, हा आजार झाला. पहिली औषधं चालेनाशी झाल्यावर डॉक्टरांनी इरिनोटेकान सुरू केलं. डॉक्टर तरुण होते, बोलके होते. सलाइन लावता लावता म्हणाले, 'काका, या औषधाचं मूळ द्रव्य तुमच्याच घाटातल्या झाडात आहे बरं का. नरक्या.' मी काही बोलायच्या आत आपा उशीवरून मान उचलून म्हणाली, 'अगे मा! वो मामू के टेंपोवाला?'

तिला आठवलं होतं. मीही विसरलो नव्हतो, फक्त बोलत नव्हतो. नव्वदच्या दशकात आमच्या मामूंचा टेंपो होता. एका व्यापाऱ्याचं लाकूड ते घाटातून खाली आणायचे. ते लाकूड नरक्याचं होतं. ढलपे करून ते बाहेर जायचं, पार परदेशात. भाव चांगला मिळायचा. द्रव्य मुळांतही असतं म्हणून झाडं मुळासकट काढली जायची. लहान-मोठं असं काही बघत नसत. मामूंना कुणी सांगितलं नव्हतं की हे औषधाचं आहे. 'इंधनाला नेतात,' एवढंच ते म्हणायचे. रात्रीच का नेतात, हे त्यांनी विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही. त्या पैशातला काही आमच्या घरातही आला. माझ्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची फी मामूंनी भरली होती.

एकदा टेंपो दुकानाशी थांबला होता. म्हातारे दादा उठून गेले, एक ढलपी हातात घेतली, मोडली, वास घेतला. आणि विचारलं, 'कुठल्या रानातला?' मामूंनी सांगितलं. दादा म्हणाले, 'मग आता ते रान कुठं राहिलं?' आणि आत येऊन बसले.

आपाच्या सलाइनमधलं औषध मामूंनी वाहिलेल्या लाकडाचं होतं, असं मी म्हणणार नाही. ते चिनी झाडाचंही असेल. पण तिच्या दंडातल्या नळीतून थेंब थेंब उतरणारं ते पाणी बघताना मला टेंपोच्या फाळक्यातून रस्त्यावर सांडणारे ढलपे दिसायचे. त्या औषधानं आम्हाला आपाची दीड वर्षं जास्त दिली. ती कमी होती असं मला कधी वाटलं नाही.

ती गेल्यावर मी नरक्याबद्दल मिळेल ते वाचायला लागलो. आणि तिथं हे अंतर्वासी पुन्हा भेटले.

2005 साली जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी नरक्याच्या आतून एक बुरशी वेगळी केली. ती झाडाबाहेर, काचेच्या भांड्यात, थोडं का होईना कॅम्पटोथेसिन बनवत होती. मग 2013 मध्ये बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी मिक्वेलिया या पश्चिम घाटातल्या, नरक्याच्याच कुळात गणलेल्या वेलीतून हे द्रव्य बनवणारे जिवाणू मिळवले. मी हे वाचलं तेव्हा अक्षरशः उठून उभा राहिलो. म्हणजे झाड तोडायलाच नको! जिवाणू टाकीत वाढवा, औषध काढा. मेटॅन्सीनचं जमलं, मग याचं का नाही?

पण पुढं वाचत गेलो तसा बसलो. भांड्यातले हे जीव एका पिढीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत नेले, की त्यांचं औषध बनवणं कमी कमी होत जातं. काहींचं जवळजवळ थांबतं. ते मरत नाहीत. खातात, वाढतात, ठिपक्यांचे चकत्ते होतात. फक्त ते एक काम विसरतात. जर्मनीत डॉर्टमुंडच्या शास्त्रज्ञांनी 2011 साली चिनी आनंदवृक्षातल्या बुरशीबाबत याचं एक कारण शोधलं. औषध बनायच्या वाटेवर एक पायरी अशी होती, की तिला लागणारं विकर बुरशीकडे नव्हतंच. त्या पायरीला ती झाडाचं विकर वापरत होती. शेजारणीकडून मुरवण मागून आणावं आणि दही आपल्या घरी लावावं, तसं. झाड सुटलं, मुरवण संपलं.

काही शास्त्रज्ञांना तर मुळातच शंका आहे. टॅक्सॉल बनवणारी बुरशी सापडल्याचं 1993 साली जाहीर झालं तेव्हा जगभर गाजावाजा झाला. वीस वर्षांनी दुसऱ्यांनी बारकाईनं तपासलं, तेव्हा त्यांना अशा बुरशीत टॅक्सॉल बनवण्याची सामग्रीच सापडली नाही. वाद अजून मिटलेला नाही. कारखान्यांना टॅक्सॉल मिळतं ते झाडाच्या पेशी टाक्यांत वाढवून आणि यू वृक्षाच्या पानांतून. बुरशीपासून नव्हे. शास्त्र असंच चालतं. एक म्हणतो सापडलं, दुसरा म्हणतो दाखव. त्याचं मला वाईट वाटत नाही. शेवटच्या विसळलेल्या पाण्याचा थेंबही तपासणारी ही माणसं आहेत.

आज नरक्याची गणना संकटातल्या वनस्पतींमध्ये होते आणि कॅम्पटोथेसिन अजूनही मुख्यतः झाडांतूनच काढावं लागतं. मग अंतर्वासींच्या या सगळ्या अभ्यासातून आपल्या हाती काय आलं? मला वाटतं, दादांच्या प्रश्नाचा अर्थ हाती आला. औषध ही एकट्या झाडाची मालमत्ता नाही. झाड, त्याच्या आतले जीव आणि ते जीव जिथून आले ती माती, या तिघांचा तो संसार आहे. आपण नरक्या मुळासकट उपटला, तेव्हा एक झाड गेलं असं आपण मोजलं. त्याच्या आतली वस्ती मोजली नाही. त्या वस्तीत असेही जीव असतील, ज्यांचं नाव अजून कुणी ठेवलेलं नाही आणि जे त्या रानातल्या त्या झाडाशिवाय कुठंच वाढत नाहीत.

म्हणून रोपवाटिकेत नरक्या लावणं चांगलंच आहे, लावलाच पाहिजे. लागवड झाली तर रानावरचा भार कमी होईल. पण बाटलीतल्या निर्जंतुक मातीत वाढवलेलं रोप म्हणजे रिकामं घर असतं. त्याला पुन्हा त्याची माणसं द्यावी लागतात. लखनौच्या सदाफुलीला दिली तशी. त्यासाठी ती माणसं कुठं तरी जिवंत असायला हवीत. ती राहतात जुन्या रानात, जुन्या झाडांत. रान राखलं नाही, तर उद्याच्या रोपवाटिकेला विरजण कुठून आणणार?

आणि जाता जाता एक सांगतो. हे ऐकून उद्या कुणी नरक्याची साल उगाळून घेऊ नका. ते विष आहे. त्याचं औषध डॉक्टरांच्या हातूनच घ्यायचं.

मामू आता थकले आहेत. गेल्या पावसाळ्यात मी त्यांना घेऊन घाटात गेलो होतो. म्हटलं, ती जागा दाखवा. बराच वेळ ते ओळखू शकले नाहीत. मग एका वळणावर थांबले. उताराला करवंदीच्या जाळीत कमरेएवढं एक रोप होतं. फुलं नव्हती, वास नव्हता. मामूंनी पान चुरगाळून नाकाशी नेलं आणि म्हणाले, 'हाच.' कुणी लावलेलं नव्हतं ते. एखाद्या पाखरानं टाकलेल्या बीचं असेल. त्या बीबरोबर आतली वस्तीही आली असेल, थोडी तरी.

मामूंनी पान खिशात ठेवलं नाही. चुरगाळलेलं पान रोपाच्या बुंध्याशी मातीत सोडलं आणि हात झटकले. पाऊस सुरू झाला होता. आम्ही दोघं तिथं थोडा वेळ उभे राहिलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)